मनोऱ्यातील रिकाम्या खुर्च्या आणि नंदुरबारचा पदवीधर

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले आणि २६० माणसे मृत्युमुखी पडली. या अपघाताशी हवाई वाहतूक नियंत्रकांचा संबंध जोडण्यास आधार नाही आणि तसा तो कोणी जोडूही नये. परंतु त्यानंतर संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीने देशातील हवाई सुरक्षेचा जो आढावा घेतला, त्यात नियंत्रकांची अपुरी संख्या, त्यांच्यावरील कामाचा ताण व थकवा आणि प्रशिक्षणाची तोकडी क्षमता या तिन्ही गोष्टींवर बोट ठेवले गेले. ऑगस्ट २०२५ मधील या अहवालावर वृत्तपत्रांतून दोन-चार दिवस चर्चा झाली आणि मग सारे शांत झाले. आता सूचना पुढे येते आहे ती अशी की, नियंत्रकांचे प्रशिक्षण महाविद्यालयांतून सुरू करावे आणि भरती वाढवावी. सूचना वरकरणी निर्विवाद आहे. म्हणूनच ती नीट तपासली पाहिजे. महाविद्यालये कोणाची, खर्च कोणाचा आणि त्यातून मनोऱ्यात पोहोचणार कोण, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून तिला मान डोलावणे समाजवादी विचाराच्या माणसाला परवडणारे नाही.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. विमान धावपट्टीवरून सुटल्यापासून दुसऱ्या धावपट्टीवर टेकेपर्यंत ते सतत कोणा ना कोणा नियंत्रकाच्या ताब्यात असते. मनोऱ्यातील नियंत्रक धावपट्टी सांभाळतो, दुसरा विमानतळाभोवतीची चढ-उतार पाहतो, तिसरा लांबच्या आकाशमार्गांवर विमानांमध्ये ठरलेले अंतर राखतो. एका वेळी अनेक विमाने, अनेक आवाज, आणि निर्णयाला मोजके क्षण. मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांपैकी एका वेळी एकच वापरता येते. तेथे दिवसाला हजाराच्या आसपास विमानांची ये-जा ही माणसेच पार पाडतात. असा माणूस बाजारातून विकत आणता येत नाही. त्याला आधी काही महिने वर्गात शिकावे लागते, मग नेमणुकीच्या जागी ज्येष्ठाच्या नजरेखाली काम करावे लागते, मग परीक्षा देऊन त्या जागेपुरती पात्रता मिळवावी लागते. एका ठिकाणची पात्रता दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी चालत नाही. आज ज्याची निवड होईल तो खऱ्या अर्थाने उपयोगी पडणार तो काही काळाने. तेव्हा तुटवडा दिसू लागल्यावर भरतीचा विचार करणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय.

आणि आपल्याकडे नेमके तेच चालले आहे. २०१४ साली देशात प्रवासी वाहतुकीचे ७४ विमानतळ होते. आज ती संख्या दुपटीहून अधिक झाल्याचे सरकार अभिमानाने सांगते. महाराष्ट्रातच २०१७ साली शिर्डीचा, २०२५ साली अमरावतीचा आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नवी मुंबईचा विमानतळ वाहतुकीस खुला झाला. २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. त्याच वर्षी भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नियंत्रकांच्या ४९६ जागांची जाहिरात काढली. आदल्या वर्षी ती ४०० जागांची होती आणि २०२५ साली ३०९ जागांची. विमाने वाढती, विमानतळ वाढते आणि भरतीचा आकडा मात्र कधी वर, कधी खाली. कोनशिला बसविताना मंत्री येतात, छायाचित्रे निघतात. मनोऱ्यातील खुर्ची भरल्याचा समारंभ कोणी करीत नाही, म्हणून ती भरण्याची घाईही कोणाला नसते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. मुंबई, दिल्ली, अहमदाबाद यांसारखे विमानतळ खाजगी भांडवलाच्या हाती गेले. दुकाने, वाहनतळ आणि जमिनीचे उत्पन्न गेले. पण तेथील आकाश सांभाळण्याची जबाबदारी आजही सार्वजनिक क्षेत्रातील प्राधिकरणाकडेच आहे. नफ्याचा भाग खाजगी आणि जोखमीचा भाग सरकारी, अशी ही वाटणी आहे. ती आपण निवडलेली नाही. परंतु आकाशाचे नियंत्रण सार्वजनिक आहे, हे या साऱ्या व्यवहारातील शेवटचे भक्कम ठाणे आहे, आणि त्याचे रक्षण करायचे तर त्यात माणसे पुरेशी असली पाहिजेत. सार्वजनिक सेवा मारण्याची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे: आधी माणसे भरायची नाहीत, मग सेवा कोलमडली की ‘सरकारला जमत नाही’ म्हणून ती विकायला काढायची. एस.टी.त हे पाहिले, सरकारी रुग्णालयांत पाहिले.

खाजगी कंपन्या तरी माणसे वेळेवर भरतात असा ज्यांचा समज आहे त्यांनी डिसेंबर २०२५ आठवावा. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी असे नियम आले. ते येणार हे आधीपासून माहीत असूनही देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीने पुरेशी तयारी केली नाही. हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर रात्री काढू लागले. आणि अखेर वाकली ती कंपनी नव्हे, नियम वाकले. कंपनीला तात्पुरती सूट मिळाली. जो न्याय वैमानिकांना तोच नियंत्रकांना. कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा नियम कागदावर असतो. माणसे नसली की तो ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवला जातो, आणि अपवादच नित्याचा होऊन बसतो. म्हणून विश्रांतीचा हक्क हा शेवटी भरतीचा प्रश्न आहे.

भरतीची हेळसांड कोठवर पोहोचते हे पाहायचे तर अमेरिकेचा इतिहास पाहावा. ३ ऑगस्ट १९८१ रोजी तेथील सुमारे तेरा हजार नियंत्रकांनी संप पुकारला. कामाचे तास कमी करा, वेतन वाढवा, या त्यांच्या मागण्या होत्या. याच संघटनेने आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिला होता. रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ती संपताच अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली. जगभरच्या मालकवर्गाने त्या दिवशी टाळ्या वाजविल्या. कामगार चळवळीचा कणा मोडण्याचा तो धडा पुढे अनेक देशांत गिरविला गेला.

हिशेब मात्र तेथेच संपला नाही. बडतर्फ झालेल्यांच्या जागी थोड्याच वर्षांत हजारो तरुण एकदम भरले गेले. अमेरिकेत नियंत्रकाला ५६ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. जे एकदम आले ते साधारण एकाच सुमारास निवृत्त होणार, हे कळण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पंचवीस वर्षांनी निवृत्तीची लाट आली, आणि तेथील तुटवड्याची ओरड आजही थांबलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण ठार झाले. त्या वेळी हेलिकॉप्टरे आणि विमाने या दोहोंचे काम एकच नियंत्रक पाहत होता. अपघाताची कारणे एकाहून अधिक होती हे खरे. तरी त्या मनोऱ्यातील दुहेरी कामाकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्या विमानतळाला नाव रेगन यांचेच आहे.

महाविद्यालयीन प्रशिक्षणाचा प्रयोगही अमेरिकेचाच. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून तेथील निवडक महाविद्यालयांतून नियंत्रकांचा अभ्यासक्रम चालू झाला. विद्यार्थ्यांनी पदरचे पैसे, बहुतेकांनी कर्ज काढून, ही शिक्षणे घेतली. २०१४ साली सरकारने भरतीची पद्धत बदलली, या पदवीधरांना असलेले प्राधान्य काढून घेतले आणि हातात पदवी व डोक्यावर कर्ज घेऊन तरुण न्यायालयाच्या दारात उभे राहिले. तुटवडा असह्य झाल्यावर, २०२४ साली, त्याच सरकारने महाविद्यालयांतून शिकलेल्यांना थेट मनोऱ्यात घेण्याची योजना आखली. तिच्या पहिल्या दोन संस्थांत ओक्लाहोमा विद्यापीठाबरोबर टल्सा येथील एक सार्वजनिक, कमी फीचे महाविद्यालय होते, ही त्यातील घेण्यासारखी गोष्ट. यातून धडे दोन मिळतात. भरतीची हमी नसलेले प्रशिक्षण ही तरुणांची फसवणूक आहे. आणि प्रशिक्षण द्यायचेच तर ते सार्वजनिक संस्थेत देता येते.

पहिला धडा शिकण्यासाठी आपल्याला अमेरिकेला जाण्याचीही गरज नाही. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. विद्यालयांचे पीक आले. शेतकऱ्याने बैलजोडी विकून, आदिवासी कुटुंबाने सावकाराचे उंबरठे झिजवून मुलामुलींना तेथे घातले. २०१२ साली शासनाने शिक्षकभरती थांबविली. संस्थाचालकांची इमारत उभी राहिली. पदविकाधारकाच्या हाती प्रमाणपत्र राहिले. उद्या ‘हवाई वाहतूक व्यवस्थापन पदवी’ नावाचा असाच बाजार भरणार नाही, याची हमी कोण देणार? चकचकीत इमारती, गणवेश, टाय आणि ‘शंभर टक्के नोकरी’ची जाहिरात, हे दृश्य डोळ्यांपुढे आणण्यास कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही.

आज आपल्याकडे असलेली व्यवस्था या दृष्टीने पाहिली तर ती अधिक न्याय्य आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्‌सी. झालेला, किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर प्राधिकरणाच्या परीक्षेस बसतो. निवड झाली की प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्याच गोंदियातील बिरसी येथील प्राधिकरणाच्या संस्थेत त्याचे प्रशिक्षण होते, आणि ते सार्वजनिक खर्चाने होते. म्हणजे आधी नोकरी, मग शिक्षण. याच्या उलट वैमानिकाचे पाहा. त्याला आधी अर्धा कोटी रुपयांच्या घरात वा त्याहून अधिक खर्च करावा लागतो, मग नोकरीची वाट पाहावी लागते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर आणि धुळे येथे, विमानोड्डाणाचे प्रशिक्षण चालत आले आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी त्या विमानांचा आवाज ऐकतो. त्यात बसून शिकण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही. ‘महाविद्यालयीन प्रशिक्षण’ या गोंडस नावाखाली नियंत्रकाचा मार्गही वैमानिकाच्या मार्गासारखा पैसेवाल्यांपुरता करून टाकला जाईल, हा खरा धोका आहे.

आता नंदुरबार. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांवर, आणि साक्षरता राज्यात सर्वांत कमी, ६४ टक्क्यांच्या आसपास. सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील गावे बुडविली. वीज व पाणी कोठे गेले हे सांगायला नको. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर टोळ्याच्या टोळ्या ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक या जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. पंतप्रधान स्वतः आले होते. २०१८ साली जिल्ह्याला ‘आकांक्षित’ अशी उपाधीही मिळाली. क्रमांक मिळाला, उपाधी मिळाली. नोकरी तेवढी राहिली.

या जिल्ह्यात विमानसेवा नाही, मग येथे नियंत्रकांच्या प्रशिक्षणाची भाषा कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर सोपे आहे. परीक्षेची अट विमानतळाशेजारी राहण्याची नाही. भौतिकशास्त्राची आणि गणिताची आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील महाविद्यालयांत विज्ञान शाखा आहे. तेथून बाहेर पडणारा पदवीधर ही परीक्षा देण्यास पात्र ठरू शकतो. वयोमर्यादा २७ वर्षांची आणि अनुसूचित जमातींसाठी त्यात पाच वर्षांची सवलत. मग अडते कोठे? अडते ते माहितीपाशी. अशी परीक्षा असते हेच त्याला ठाऊक नसते. पोलीस भरती, तलाठी भरती यांपलीकडील सरकारी नोकरीचे दार त्याला कोणी दाखविलेले नसते. अडते ते तयारीपाशी, कारण शिकवणीवर्ग पुण्यात आणि दिल्लीत आहेत. आणि अडते ते इंग्रजीपाशी.

इंग्रजीच्या प्रश्नाकडे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली व ३४९ माणसे गेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते, आणि चालकदलाला इंग्रजी सूचना नीट न कळणे हा त्या चर्चेतील एक मोठा मुद्दा होता. पुढे साऱ्या जगात वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीची किमान पातळी सक्तीची झाली. तेव्हा ही अट म्हणजे निव्वळ उच्चवर्णीयांचा तोरा आहे असे म्हणून आपण सुटका करून घेऊ शकत नाही. परंतु ही इंग्रजी म्हणजे शेक्सपिअरची इंग्रजी नव्हे. ठरलेले शब्द, ठरलेली वाक्ये, स्पष्ट उच्चार, आणि ऐकलेले परत म्हणून दाखविण्याची शिस्त, असा तो एक संकेत आहे. घरी भिली, मावची किंवा पावरी, बाजारात अहिराणी आणि गुजराती, शाळेत मराठी बोलणारा मुलगा तीन-चार भाषांतून रोज ये-जा करीत असतो. त्याला हा संकेत शिकता येणार नाही असे म्हणणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. त्याला तो कोणी शिकविलेला नाही, एवढेच सत्य आहे. आणि जे सक्तीचे आहे ते सार्वजनिक खर्चाने शिकविणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

आकडेच बोलू देऊ. वर सांगितलेल्या तीन जाहिरातींत मिळून जागा १,२०५. त्यांपैकी अनुसूचित जमातींसाठी अनुक्रमे ३३, ३० आणि २७, म्हणजे एकूण ९०. आणि त्या साऱ्या देशासाठी. या नव्वदांनी नंदुरबारची बेरोजगारी हटणार नाही, ऊसतोडीची एकही टोळी थांबणार नाही, हे मान्य. पण राखीव जागा कागदावर ठेवायच्या आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची शिडी मात्र बाजारात विकायला ठेवायची, हा दुटप्पीपणा आहे. शिडी कोणाच्या हाती राहणार, हा येथील वादाचा विषय आहे.

दोन आक्षेपांचा परामर्श घेतला पाहिजे. पहिला असा की, उद्या हे काम यंत्रेच करतील, मग माणसे कशाला वाढवायची? ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत उड्डाणांचे आराखडे नियंत्रकांपर्यंत पोहोचविणारी संगणकीय यंत्रणा बंद पडली. आठशेहून अधिक उड्डाणे रखडली, परंतु वाहतूक सुरक्षित चालू राहिली, कारण माणसांनी हाताने आराखडे तयार केले. यंत्र जितके मोठे, तितकाच ते थांबल्यावर लागणारा माणूस अधिक तयारीचा हवा.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. भरती वाढविली, मागास भागांतून माणसे आणली की दर्जा घसरेल, असे सांगितले जाते. नियंत्रकाची पात्रता-परीक्षा सर्वांना एकच असते. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणालाही स्वतंत्रपणे विमान सांभाळू देत नाहीत, मग तो मलबार हिलवरून आलेला असो वा मोलगीहून. ती सैल करा असे आम्ही म्हणत नाही. उलट, दर्जा घसरतो तो लागोपाठच्या रात्रपाळ्यांनी, एका माणसावर दोघांचे काम लादल्याने. गुणवत्तेचा कैवार घेणाऱ्यांनी आधी थकलेल्या नियंत्रकाला झोप मिळवून द्यावी.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. नियंत्रकांची भरती दरवर्षी, ठरलेल्या वेळी व्हावी, आणि येत्या दहा वर्षांतील निवृत्ती, नवे विमानतळ व वाढती वाहतूक यांचा हिशेब मांडून जागा ठरविल्या जाव्यात. निवडीनंतर सार्वजनिक खर्चाने मिळणारे प्रशिक्षण हा पायाच राहावा; कोणत्याही खाजगी पदवीला त्याची जागा घेऊ देऊ नये. गोंदियाच्या संस्थेची क्षमता वाढवावी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने प्राधिकरणाच्या सहकार्याने नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयांत पदवीनंतरचा पूर्वतयारीचा वर्ग चालवावा. त्यात भौतिकशास्त्र व गणिताची उजळणी, संकेतबद्ध इंग्रजीचा सराव आणि विद्यावेतन असावे, फी नसावी. विद्यार्थ्यांची संख्या भरतीच्या प्रमाणात ठेवावी, म्हणजे डी.एड.ची पुनरावृत्ती होणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणातील मुख्य व दुय्यम विषयांच्या रचनेत भौतिकशास्त्र आणि गणित ही जोडी ग्रामीण महाविद्यालयांतून सुटणार नाही, याकडे विद्यापीठाने लक्ष द्यावे; ती सुटली तर दार आतूनच बंद होईल.

पैसा कोठून आणणार, हा प्रश्न येईलच. या देशाच्या आकाशातून जाणारे प्रत्येक प्रवासी विमान, ते येथे उतरो वा न उतरो, मार्गदर्शनाचे शुल्क प्राधिकरणाकडे भरते. सातपुड्यावरून रात्रंदिवस जी विमाने जातात तीही भरतात. ज्यांच्या डोंगरावरून हे उत्पन्न वाहते त्यांच्या मुलांच्या विद्यावेतनासाठी त्यातील लहानसा वाटा राखून ठेवणे ही काही क्रांती नव्हे. साधी न्यायाची गोष्ट आहे.

कार्यकर्त्यांना एवढेच सांगायचे आहे. विमान हा श्रीमंतांचा विषय म्हणून आपण त्याकडे पाठ फिरवीत आलो. विमानात बसणारा श्रीमंत असेल. त्याचा जीव सांभाळणारा सार्वजनिक सेवेतील नोकरदार आहे, आणि ती नोकरी कोणाला मिळावी हा आपला विषय आहे. शहाद्याच्या भूमीवर १९७२ पासून जमिनीच्या हक्कासाठी श्रमिक संघटनेने लढा दिला. आज त्याच मातीतील पदवीधरांसाठी लढायचे आहे ते सार्वजनिक शिक्षणाच्या आणि सार्वजनिक नोकरीच्या हक्कासाठी. येत्या महिन्यात प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या महाविद्यालयात जावे, भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्या मुलामुलींची यादी करावी, त्यांना ही परीक्षा समजावून द्यावी आणि पूर्वतयारीच्या वर्गाची मागणी त्यांच्या सह्यांनिशी विद्यापीठाकडे व खासदारांकडे धाडावी. नंदुरबारच्या फलाटावर थांबणारी अहमदाबाद-हावडा गाडी गोंदियालाही थांबते. तिच्यात बसण्याचे कारण आपल्या पदवीधरांना मिळवून देणे, हे काम आपले आहे.